‘नॉट बॅड’ म्हणजे नेमकं किती चांगलं? ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी इंग्रजी नकारांची ओळख

ब्रिटनमध्ये येऊन महिना-दोन महिने झालेली आपली मंडळी एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. इंग्रजीच्या परीक्षेत गुण उत्तम मिळाले होते, शब्दही सगळे कळतात, पण समोरचा खूश आहे की नाराज याचा पत्ता लागत नाही. साहेब कामाला "नॉट बॅड" म्हणाले, म्हणजे आवडलं की नाही? शेजारीण "आय वुडन्ट से नो" म्हणाली, मग तिच्यासाठी चहा टाकायचा की नाही? घरमालकाला मांजर पाळण्याबद्दल विचारलं तर त्याचं उत्तर आलं, "आय डोन्ट सी व्हाय नॉट." आता मांजर आणायची का?

साहेबांना काम आवडलं आहे, चहा टाकायचा आहे आणि मांजर आणायला हरकत नाही.

मी बरीच वर्षं यॉर्कशायर भागातल्या लीड्समध्ये राहते आणि इथल्या एका रुग्णालयात काम करते. नागपूर, कोल्हापूर, पुणे, कुठून कुठून आलेल्या परिचारिका आणि विद्यार्थी मला हेच प्रश्न विचारतात. शाळेत आपण इंग्रजी व्याकरण शिकतो, पण इथली माणसं होकार, कौतुक, परवानगी आणि आमंत्रण अशा सगळ्या गोष्टी नकाराच्या वाटेने का सांगतात, हे कुणी शिकवत नाही. ते एका जागी असावं म्हणून हा लेख. यातलं बहुतेक ब्रिटनच्या इंग्रजीला लागू आहे. इतर देशांबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे.

सोबत काय हवं

- एक छोटी वही, किंवा मोबाइलमधली नोंद. ऐकलेलं वाक्य लिहा, कोण म्हणालं ते लिहा, आणि त्यानंतर त्या माणसाने काय केलं तेही लिहा. ही तिसरी नोंद सोडू नका, कारण खरा अर्थ तिथेच सापडतो.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेला केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा ऑनलाइन शब्दकोश. दोन्ही फुकट वापरता येतात. त्यात सुटा शब्द न शोधता पूर्ण वाक्प्रचार शोधा.
- बीबीसीचा रेडिओ. क्रिकेटची आवड असेल तर ‘टेस्ट मॅच स्पेशल’ ऐका. 1957 पासून चालू असलेल्या या समालोचनात आवाजाच्या चढउतारावर अर्थ कसा बदलतो ते आयतं ऐकायला मिळतं. चेंडूवर काय झालं तेही समालोचक लगेच सांगतात, त्यामुळे "नॉट अ बॅड बॉल" म्हणजे किती चांगला चेंडू, याचा पडताळा होतो.
- "तुला नक्की काय म्हणायचं होतं?" असं मोकळेपणाने विचारता येईल असा इथला एक माणूस. असा कुणी भेटला की बाकीच्या साधनांची गरज निम्मी होते.

1. आधी कारण समजून घ्या

‘दोन नकार म्हणजे एक होकार’ हा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. रॉबर्ट लौथ नावाच्या पाद्र्याने आपल्या व्याकरणाच्या 1763 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो लिहून ठेवला. पुढे शाळाशाळांत तोच नियम शिकवला गेला. संस्कृत टीकाकारही दोन नकारांतून मूळ अर्थच निघतो असं मानतात. पण बोलताना ही बेरीज-वजाबाकी चालत नाही. ‘हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ या दोन टोकांच्या मधे भरपूर जागा आहे. "आय अ‍ॅम नॉट अनहॅपी" म्हणणारा माणूस फक्त दुःखाचं टोक सोडतो. तो मधे कुठे उभा आहे ते सांगत नाही, आणि पुष्कळदा त्याला ते सांगायचंही नसतं. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1917 मध्ये नकारावर आख्खा ग्रंथ लिहिला. ‘नॉट अनकॉमन’ हे ‘कॉमन’पेक्षा जरा सौम्य पडतं, हे त्याने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

या मधल्या जागेत उभं राहावं असं का वाटतं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण मोठेपणा न मिरवण्याचं. स्वतःचं, स्वतःच्या मुलांचं, स्वतःच्या घराचं उघड कौतुक करणं इथे शोभत नाही. मुलीला नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी वडील म्हणतात, "शी हॅझन्ट डन टू बॅडली." तेवढ्याने ऐकणाऱ्याला पुरेसं कळतं.

दुसरं कारण समोरच्याला मोकळीक देण्याचं. सरळ होकार किंवा सरळ मागणी समोर आली की ऐकणाऱ्याला उत्तर देणं भाग पडतं. नकाराच्या आडून बोललं की त्याला अंग काढून घ्यायला वाट राहते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा तीन अगदी दूरच्या भाषांची तुलना करून सभ्यतेचा सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्यावर कुणी काही लादू नये असं प्रत्येकालाच वाटतं, आणि भाषा ती इच्छा सांभाळते. इंग्रजीत हे सांभाळण्याचं बरंचसं काम नकाराकडे आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नकारात्मक वाक्याच्या मागे नेहमी एक अपेक्षा दडलेली असते. "आज बस उशिरा आली नाही" हे वाक्य बस रोज उशिरा येते तिथेच बोललं जातं. तसंच "नॉट बॅड"च्या मागे ‘हे वाईट निघू शकलं असतं’ असा विचार असतो, आणि तसं घडलं नाही याचं समाधान त्या दोन शब्दांत असतं. इथल्या हवेबद्दलची निम्मी वाक्यं अशीच का असतात, ते यावरून कळेल.

ही सवय काही आजची नाही. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजी काव्यातही शूर योद्ध्याचं वर्णन ‘तो भित्रा नव्हता’ अशा नकाराच्या अंगाने केलेलं सापडतं.

आपल्यालाही हे अगदी परकं नाही. ‘हरकत नाही’ हा आपला रोजचा होकार नकारातूनच येतो. ‘थोडंथोडकं नव्हे’, ‘येरागबाळ्याचं काम नव्हे’, ‘काही गैर नाही’ हे सगळं आपण सहज बोलतो, आणि फलंदाज शतक करून ‘नाबाद’ परतला की टाळ्या वाजवतो. फरक फक्त वापराच्या जागेचा आहे. मराठीत ‘वाईट नाही’ म्हटलं की कौतुक अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. इंग्रजीत त्याच शब्दांत पूर्ण कौतुक मावतं.

2. "यू ऑल राइट?" ला उत्तर

हे फक्त अभिवादन आहे. तब्येतीची चौकशी समजून दुखणी सांगायला लागू नका. "नॉट टू बॅड, यू?" एवढं म्हणून पुढे चला. "कान्ट कम्प्लेन", "कान्ट ग्रंबल", "नॉट सो बॅड" या सगळ्यांचा अर्थ ‘बरं चाललंय’ असाच. इथे "एक्सलंट!" असं खणखणीत उत्तर दिलं तरी कुणी रागावत नाही, पण समोरचा क्षणभर थांबतो. काहीतरी खास घडलंय असं त्याला वाटतं.

"नेव्हर बेटर" आणि "कुडन्ट बी बेटर" ही मात्र जोरदार उत्तरं आहेत. ‘याहून बरं असूच शकत नाही’ असा त्यांचा अर्थ. नकार दिसला की सौम्यच असणार, असं गृहीत धरू नका. याबद्दल पुढे सहाव्या पायरीत सांगितलं आहे.

3. कामाच्या ठिकाणची शाबासकी मोजायला शिका

कौतुकाची चढती भाजणी साधारण अशी आहे. सपाट आवाजातलं "नॉट बॅड" म्हणजे ठीक, चालेल. "नॉट बॅड अ‍ॅट ऑल" म्हणजे खरोखर चांगलं. "नॉट हाफ बॅड" म्हणजे अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं. "आय कुडन्ट हॅव डन इट बेटर मायसेल्फ" हे वरिष्ठाच्या तोंडून आलं तर घरी फोन करून सांगण्याजोगं आहे. आणि मी यॉर्कशायरमध्ये राहत असल्यामुळे हेही सांगते, की इथली माणसं कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारी म्हणून ओळखली जातात. 1992 मध्ये तेंडुलकर ज्या यॉर्कशायरकडून खेळला ते हेच. इथे "नॉट बॅड, दॅट" ऐकू आलं तर त्याला वजन आहे असं समजा.

कान आवाजाकडे ठेवा. ‘बॅड’वर जोर देऊन आवाज खाली जाऊन पुन्हा वर उचलला, तर पुढे ‘पण’ येणार हे नक्की. "इट्स नॉट बॅड..." आणि मग सुधारणांची यादी. आवाज आश्चर्याने वर जाऊन खाली स्थिरावला तर ते निखळ कौतुक.

लेखी शेऱ्यात आवाज नसतो, तेव्हा पुढचं वाक्य वाचा. प्राध्यापकाने निबंधावर "नॉट विदाउट मेरिट" लिहिलं असेल तर ते फार मोठं कौतुक नाही. गुण अगदीच नाहीत असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. "नॉट विदाउट इट्स प्रॉब्लेम्स" असेल तर अडचणी आहेत आणि त्या दुरुस्त करायच्या आहेत. विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. इथे पदव्युत्तर अभ्यासक्रमात साधारणपणे 70 गुणांपासून सर्वोच्च श्रेणी सुरू होते. आपल्याकडच्या नव्वदीची सवय घेऊन आलेल्या मुलाला 68 गुण आणि शेजारी "नॉट बॅड अ‍ॅट ऑल" दिसलं की तो खचतो. प्राध्यापकाने तर त्याची पाठ थोपटलेली असते.

एक सापळा होकाराच्या बाजूनेही आहे. ब्रिटिश माणसाचं "क्वाइट गुड" पुष्कळदा ‘बऱ्यापैकी’ एवढंच असतं, आणि ते "नॉट बॅड अ‍ॅट ऑल"च्या खाली येतं. शब्दावरून उलटं वाटतं, म्हणून ही जोडी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

4. "डू यू माइंड...?" ला काय म्हणायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि दिवसातून अनेकदा होतो. रेल्वेत कुणी विचारतं, "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" आपल्या डोक्यात प्रश्न तयार होतो, ‘इथे बसलं तर चालेल का?’ त्याचं उत्तर ‘हो’, म्हणून तोंडून "येस" निघतं. पण खरा प्रश्न आहे ‘माझ्या बसण्याला तुमची हरकत आहे का?’ त्याला "येस" म्हणजे हरकत आहे. बसायला द्यायचं असेल तर उत्तर "नो" असं हवं.

खुद्द इंग्रज माणसंही इथे "येस, शुअर, गो अहेड" म्हणून जातात आणि हसरा चेहरा पाहून समोरचा बसतो. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे ही सूट घेऊ नका. सर्वांत सुरक्षित उत्तर आहे "नॉट अ‍ॅट ऑल, गो अहेड." यात हो-नाहीचा प्रश्नच उरत नाही, आणि दुसरा तुकडा परवानगी पक्की करतो.

‘माइंड’चं कुटुंब मोठं आहे. एकेक ओळखून घ्या.

"आय वुडन्ट माइंड अ कप ऑफ टी" म्हणजे मला चहा हवा आहे. उठून किटली लावा.

"टी ऑर कॉफी?" ला "आय डोन्ट माइंड" असं उत्तर आलं तर दोन्हीपैकी काहीही चालेल. आपल्याकडे यात बेफिकिरी ऐकू येते आणि पाहुण्याला काही नकोच आहे असा समज होतो. तसं नाही. त्याला काहीतरी नक्की हवं आहे, निवड तुमच्यावर सोडली आहे. तुम्ही पाहुणे असाल तर मात्र हे उत्तर सारखं देऊ नका. विचारणाऱ्याला ठरवण्याचं काम लागतं. एक काहीतरी सांगितलेलं त्याला आवडतं.

"वुड यू माइंड क्लोझिंग द डोअर?" ही विनंती आहे. "नो" म्हणा आणि उठून दार लावा. "नो" म्हणून बसून राहिलात तर दोघांचीही पंचाईत.

"वुड यू माइंड नॉट पार्किंग हिअर?" हे ऐकायला गोड आहे, पण गाडी आत्ता काढायची आहे.

"इफ यू डोन्ट माइंड मी सेइंग..." ने वाक्य सुरू झालं की पुढे टीका येणार. थोडं सावरून बसा.

"डोन्ट माइंड इफ आय डू" हे जरा जुन्या वळणाचं उत्तर, पण वयस्क शेजारी अजून वापरतात. बिस्किटांची बशी पुढे केली आणि हे ऐकू आलं, तर बशी मागे घेऊ नका.

5. नकारातल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्या

"काल तू आला नव्हतास ना?" या प्रश्नाला मराठी माणूस "हो, नव्हतो आलो" असं म्हणतो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला "येस" घडलेल्या गोष्टीला असतो. आलो असेन तर "येस, आय डिड", आलो नसेन तर "नो, आय डिडन्ट". प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर बदलत नाही.

गप्पांमध्ये ही चूक खपून जाते. रुग्णालयात खपत नाही. शस्त्रक्रियेआधी विचारतात, "यू हॅवन्ट हॅड एनीथिंग टू ईट सिन्स मिडनाइट?" काही खाल्लेलं नसताना आपली आजी म्हणते "येस". ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो: म्हणजे खाल्लंय? त्या विभागातल्या अनुभवी परिचारिका म्हणूनच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारतात. विमानतळावरची चौकशी, घराच्या करारावरचे प्रश्न, औषधाच्या अ‍ॅलर्जीची विचारणा, सगळीकडे हेच.

उपाय सोपा आहे. सुटं "येस" किंवा "नो" कधी देऊ नका. पुढे क्रियापद जोडा: "नो, आय हॅवन्ट ईटन एनीथिंग." गावाकडून आई-वडील येणार असतील तर निघण्याआधी हे एक वाक्य त्यांच्याकडून घोटवून घ्या. बाकी इंग्रजी नाही आलं तरी चालेल.

"नाइस डे, इझन्ट इट?" किंवा "इझन्ट शी लव्हली!" हे मात्र प्रश्न नव्हेत. आपल्या ‘किती छान आहे, नाही?’ सारखंच ते. सहमत व्हा: "इट इझ."

6. नकारातून टोकाचा होकार

आतापर्यंतचे नकार मधल्या जागेतले होते. इथले नकार थेट शिखरावर नेतात.

"आय कुडन्ट अग्री मोर" म्हणजे शंभर टक्के सहमत. शेवटच्या ‘मोर’कडे लक्ष ठेवा. बैठकीत तेवढा एक शब्द ऐकायचा राहिला तर तुम्ही उलटा अर्थ घेऊन बाहेर पडाल. "आय कान्ट वेट" म्हणजे फार उत्सुक आहे. "आय कान्ट थँक यू इनफ" म्हणजे आभार मानावे तेवढे थोडे. "यू कान्ट गो राँग विथ दॅट" म्हणजे बिनधास्त घ्या. "नो मीन अचीव्हमेंट" आणि "नो स्मॉल फीट" (feat) म्हणजे मोठीच कामगिरी. "शी इझ नथिंग इफ नॉट थरो" म्हणजे काटेकोरपणा हाच तिचा मुख्य गुण. याच्या उलट "एनीथिंग बट" आणि "फार फ्रॉम" हे दिसायला होकारी, पण अर्थाने नकार. "इट वॉझ एनीथिंग बट ईझी" म्हणजे अजिबात सोपं नव्हतं.

शिफारसपत्र लिहायची वेळ आली तर "आय कॅनॉट रेकमेंड हिम टू हायली" हे वाक्य टाळा. कितीही शिफारस केली तरी थोडीच, असा त्याचा चांगला अर्थ आहे. पण जास्त शिफारस करता येत नाही असाही अर्थ निघतो. दुसऱ्याची नोकरी त्या कागदावर अवलंबून असते, तिथे सरळ लिहावं.

7. ‘हाफ’ आणि ‘एन्ट’

"इट इझन्ट हाफ कोल्ड टुडे" म्हणजे आज फार थंडी आहे. स्वेटर काढून ठेवू नका. "ही डिडन्ट हाफ शाउट" म्हणजे तो भयंकर ओरडला. नुसतं "नॉट हाफ!" हा जोरदार होकार. मात्र पुढे ‘अ‍ॅझ’ आलं, "नॉट हाफ अ‍ॅझ गुड अ‍ॅझ...", तर तो खरोखरचा नकार असतो, म्हणजे निम्म्यानेही चांगलं नाही.

"आय एन्ट (ain't) डन नथिंग" ऐकू आलं तर दोन नकार मोजून होकार काढू नका. अर्थ एकच: मी काही केलेलं नाही. बोलींमध्ये नकार एकावर एक रचून नकारच पक्का करतात. चॉसर आणि शेक्सपिअरही तसंच लिहीत. रुग्ण, प्रवासी, शेजारी, कुणीही असं बोललं तर त्याचं इंग्रजी कच्चं आहे असं मानू नका, आणि कृपा करून दुरुस्त तर मुळीच करू नका.

8. पत्रातलं ‘नॉट अन-’

वकील, विमा कंपनी, विद्यापीठाची समिती यांच्या पत्रांत "नॉट अनरीझनेबल", "नॉट अनलाइकली", "नॉट इनकन्सिस्टंट विथ" अशी जोडनकारांची वाक्यं येतात. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने 1946 मध्ये या सवयीची खरपूस हजेरी घेतली होती, तरी ती टिकून आहे. कारण लिहिणाऱ्याला ती सोयीची पडते. होकाराचं दार किलकिलं ठेवायचं, पण स्वतःला बांधून घ्यायचं नाही.

वाचताना दोन्ही नकार पेन्सिलीने खोडा आणि जे उरतं त्यातून थोडं कमी करा. "युअर रिक्वेस्ट इझ नॉट अनरीझनेबल" म्हणजे मागणी तशी रास्त आहे, मात्र मंजूर झालेली नाही. मंजुरीचं वेगळं वाक्य पत्रात शोधा. नसेल तर तेवढंच विचारणारं उत्तर पाठवा. "प्लीझ डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट अस" हे मात्र नेहमीचं समारोपाचं वाक्य, त्यात काही शोधायचं नाही.

9. दवाखान्याचे कागद

तपासणीच्या अहवालावर "अनरिमार्केबल" लिहिलेलं असेल तर आनंद माना. उल्लेख करावा असा काही दोष दिसला नाही, म्हणजे सगळं ठीक. "नथिंग अ‍ॅबनॉर्मल डिटेक्टेड" म्हणजेही तेच, आणि काही जण त्याची तीन अक्षरंच लिहितात: एन ए डी. "नेगेटिव्ह" म्हणजे ज्या आजारासाठी तपासलं तो सापडला नाही. घरी फोनवर सांगताना ‘रिपोर्ट नेगेटिव्ह आला’ असं अर्धवट सांगू नका. तिकडे रात्रभर झोप लागत नाही. ‘आजार नाही’ असंच सांगा.

‘काही कळवलं नाही, म्हणजे सगळं बरं असेल’ असं मात्र धरून चालू नका. पत्र हरवू शकतं. ठरलेल्या मुदतीनंतर फोन करून निकाल विचारा.

10. गोड शब्दांतला खरा नकार

नकारातून होकार काढायची सवय झाली की उलटी चूक व्हायला लागते, म्हणून ही पायरी. "इट्स नॉट आयडिअल" म्हणजे हे वाईट आहे. "आय अ‍ॅम नॉट एंटायर्ली कन्व्हिन्स्ड" म्हणजे मला अजिबात पटलेलं नाही. "आय वुडन्ट डू दॅट इफ आय वर यू" म्हणजे करू नका. "आय अ‍ॅम नॉट शुअर दॅट्स अ गुड आयडिया" ऐकल्यावर काम पुढे रेटू नका. फरक ओळखायची खूण अशी: ‘नॉट’च्या पुढे वाईट शब्द असेल, जसं बॅड, अनहॅपी, प्रॉब्लेम, तर वाक्य होकाराकडे झुकतं. पुढे चांगला शब्द असेल, जसं आयडिअल, शुअर, हॅपी, तर नकार मुळापेक्षा जास्त कडक समजा.

सौम्य बोलण्याची किंमत किती मोठी पडू शकते, याचा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. एप्रिल 1951, कोरियातलं युद्ध, इमजिन नदीचा काठ. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या तुकडीला चिनी सैन्याने घेरलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी आपल्या वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती कळवली ती "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर" अशा शब्दांत. दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याला यातून सर्वनाश जवळ आल्याचं कळलं असतं. अमेरिकन जनरलला वाटलं, थोडी अडचण आहे, पण निभावतंय. वेळेवर सुटका झाली नाही आणि त्या तुकडीतले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहा. 24 जून 1982 च्या रात्री जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, की एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत आणि ती चालू करायची आम्ही शिकस्त करतो आहोत. आणि शेवटी, "आय ट्रस्ट यू आर नॉट इन टू मच डिस्ट्रेस." इंजिनं पुन्हा सुरू झाली, विमान जकार्ताला उतरलं आणि सगळे वाचले. शब्द इथेही सौम्यच आहेत. पण चारही इंजिनं बंद आहेत ही माहिती त्यांनी आडपडदा न ठेवता दिली, आणि नकाराची मऊ घडी फक्त धीर देणाऱ्या वाक्याला घातली.

मी नव्या परिचारिकांना हे दोन प्रसंग एकापाठोपाठ सांगते. माहिती सरळ द्यायची, सौम्यपणा भावनेसाठी ठेवायचा.

11. स्वतः वापरायला कुठून सुरुवात करावी

तीन वाक्यांपासून करा: "नॉट टू बॅड, थँक्स", "नॉट अ‍ॅट ऑल, गो अहेड" आणि "आय वुडन्ट से नो टू दॅट". ही तिन्ही सहज जमली की "व्हाय डोन्ट वी...?" ने सूचना मांडायला लागा. "वी शुड" पेक्षा ती बैठकीत लवकर स्वीकारली जाते. मतभेद सांगायचा असेल तर नकार वाक्याच्या सुरुवातीला आणा: "आय डोन्ट थिंक इट विल वर्क." ‘मला नाही वाटत हे चालेल’ ही आपलीच घडण आहे, त्यामुळे ती जिभेवर पटकन बसते.

दुसऱ्याच्या मुलाच्या चित्राला, आजारातून उठलेल्या माणसाला किंवा नवं घर दाखवणाऱ्या मैत्रिणीला सरळ "लव्हली" म्हणा. "नॉट बॅड" तिथे जवळच्या मैत्रीतच शोभतं, आणि ती मैत्री कितपत जवळची आहे ते आधी कळायला वेळ लागतो.

999 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करताना, औषधाची मात्रा सांगताना, घरात गॅसचा वास येत असल्याचं कळवताना आणि जिथे इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही अशा बैठकीत हे काहीच वापरू नका.

12. ब्रिटनबाहेर आणि ब्रिटनच्या कोपऱ्यांत

आयर्लंडमध्ये "नॉट अ बॉदर" हा आनंदाचा होकार आहे. ऑस्ट्रेलियात "नो वरीज" दिवसभर ऐकू येतं. अमेरिकेत कौतुक बहुधा उघड करतात, त्यामुळे तिथल्या सहकाऱ्याला "नॉट बॅड" म्हटलं तर त्याला खरंच ते बेताचं वाटू शकतं. "ग्रेट" म्हणा. शिवाय तिथे "आय कुडन्ट केअर लेस" ऐवजी "आय कुड केअर लेस" असंही म्हणतात, अर्थ मात्र तोच: मला काडीचीही फिकीर नाही.

नोकरी अ‍ॅबरडीनच्या बाजूला (स्कॉटलंडमध्ये) लागली असेल तर तिथे "फिट लाइक?" असं विचारतील. त्याचा तब्येत कमावण्याशी संबंध नाही, ‘कसं काय?’ एवढंच विचारलेलं असतं. उत्तर "ने बॅड".